सतरा नंबरचा चौक आणि सासूबाईंची सरासरी

महापालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर पूर्वी जुन्या फायलींची खोली होती. फायली तळघरात गेल्या, भिंतींना नवा रंग लागला आणि एका भिंतीवर अठरा पडदे बसले. तेव्हापासून शहरातल्या अठ्ठावन्न चौकांचे सिग्नल याच खोलीतून चालतात. खरं तर कंप्युटरच चालवतो. कुठल्या रस्त्यावर किती गाड्या साठल्या हे कॅमेरे मोजतात आणि त्या हिशेबानं हिरवा-लाल होत राहतो. माणसं बसवली आहेत ती कंप्युटर अडला तर त्याला हात द्यायला. रुग्णवाहिका आली, अग्निशमनाचा बंब निघाला, भर रस्त्यात ट्रक बंद पडला, तर त्यांनी तो चौक ‘हातात घ्यायचा’ आणि काम झालं की सोडून द्यायचा.

या खोलीत डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर बसणाऱ्या बाईंची ही गोष्ट. खोलीत तिला सगळे ताई म्हणत. त्याआधी नऊ वर्षं ती जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर होती. “आधी लोकांचं येणं आणि जाणं लिहीत होते, आता मधली ये-जा बघते,” असं ती बदलीबद्दल सांगायची. जिभेनं तिखट, पण कामाला चोख. एकदा एका बड्या अधिकाऱ्याच्या ड्रायव्हरनं फोन केला, साहेबांना घाई आहे, वाटेतले सिग्नल जरा हिरवे ठेवाल का. ताईनं शांतपणे विचारलं, “साहेबांच्या छातीत दुखतंय की साहेबांना आग लागलीय? तिसरा पर्याय माझ्याकडे नाही.” पुन्हा तो फोन आला नाही.

तिच्या शेजारच्या खुर्चीवर एक वयस्क सहकारी बसत. काहीही विचारा, ते ना धड हो म्हणत ना धड नाही. म्हणून त्यांना ‘पिवळा’ असं नाव पडलं होतं. त्यांना ते माहीत होतं. आवडत होतं की नाही, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

ताईच्या घरी नवरा आणि सासूबाई. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. सासूबाई चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. शहरातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी पाढे शिकवले होते आणि उरलेल्या अर्ध्यांना वाटायचं, बरं झालं आपण सुटलो. सासू-सुनेचं तसं बरं चाललं होतं. दोघीही शब्दाला शब्द देणाऱ्या, त्यामुळे घरात भांडण कमी आणि सामने जास्त.

गेल्या वर्षी सासूबाईंच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी गोड बंद केलं. सासूबाईंनी एका दुपारी साखरेचा डबा स्वतःच्या हातानं सुनेकडे दिला आणि म्हणाल्या, “आजपासून मी गोडाला शिवणार नाही. गणिताच्या बाईचा शब्द आहे.” सगळ्यांना कौतुक वाटलं. पण तीन महिन्यांनी रक्त तपासलं तर साखर होती तिथून वर चढलेली. डॉक्टर चक्रावले.

“गाजरातही साखर असते,” सासूबाई त्यांना म्हणाल्या. “आता मी गाजरं सोडू का?”

त्यानंतर आठेक दिवसांनी, दुपारी चारच्या सुमारास, ताई सतरा नंबरच्या चौकाचा पडदा बघत होती. हा चौक तिच्या घराजवळचा. पलीकडच्या फुटपाथवर बेकरी. बेकरीच्या दारात एक ओळखीची छत्री टेकून ठेवलेली, आणि छत्रीशेजारी उभं राहून, कागदात धरलेला क्रीमरोल दोन्ही टोकांनी आळीपाळीनं खाणारी व्यक्ती म्हणजे दुसरं तिसरं कुणी नसून गणिताच्या बाई. खाऊन झाल्यावर त्यांनी कागद घडी घालून डब्यात टाकला, ओठ पुसले, छत्री उचलली आणि रस्ता ओलांडून घराकडे निघाल्या, इतक्या साळसूदपणे की जणू वाचनालयातून परत येताहेत. घरी त्या तसंच सांगायच्या म्हणा.

ताईची पंचाईत झाली. घरी जाऊन सांगावं तर आधी हे सांगावं लागणार की मी ऑफिसच्या कॅमेऱ्यातून तुमच्यावर नजर ठेवली. खोलीच्या दारावरच पाटी होती: कॅमेरे वाहतुकीसाठी आहेत, व्यक्तींसाठी नाहीत. सासूबाईंनी हा नियम तिलाच सुनावला असता, कलम-उपकलमासकट. म्हणून ती गप्प बसली आणि रोज चार वाजता सतरा नंबर बघू लागली. छत्री रोज यायची. क्रीमरोल रोज संपायचा.

मग एके दिवशी त्याच वेळेला रुग्णवाहिका आली. ताईनं नियमाप्रमाणे सतरा नंबर हातात घेतला, मुख्य रस्ता हिरवा धरून ठेवला. पायी जाणाऱ्यांचा लाल काही हलेना. सासूबाईंनी खांबावरचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, छत्रीच्या टोकानं दाबलं. सिग्नल एका दमात अडीच मिनिटांपेक्षा जास्त धरता येत नाही; तेवढा वेळ संपायच्या आत त्या कंटाळल्या आणि मागे वळून चक्क घरी गेल्या. त्या दिवशी क्रीमरोल वाचला.

ताई पडद्याकडे बघत बसली. तिच्या डोक्यात जो किडा वळवळला तो चांगला नव्हता, हे तिला तेव्हाही कळलं होतं. पण दुसऱ्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी छत्री दिसली आणि तिनं चौक हातात घेतला. रुग्णवाहिका नव्हती. कारणाच्या रकान्यात तिनं ‘इतर’ निवडलं. सरकारी कारभारात ‘इतर’सारखी ऐसपैस जागा दुसरी नाही, काहीही टाका, मावतं.

पण सासूबाई चौतीस वर्षं चाळीस-चाळीस पोरांसमोर उभ्या राहिलेल्या बाई. पहिल्यांदा हरल्या, दुसऱ्यांदा हटल्या नाहीत. अडीच मिनिटं तर अडीच मिनिटं, त्या छत्री रोवून उभ्या राहिल्या. मग ताईनं डावात भर घातली. बेकरीकडे जाताना लाल लांबवायचा, आणि घराकडे परत येताना त्यांनी बटणाला बोट लावायचा अवकाश, लगेच हिरवा द्यायचा. जणू रस्ताच सांगतोय, बाई, घरी जा.

पिवळ्यांनी दोनदा तिच्या पडद्याकडे पाहिलं. “सतराला काही झालंय का?” त्यांनी विचारलं.

“गर्दी आहे जरा.”

“असेल,” ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, “नसेलही.”

दोन आठवड्यांनी रात्री जेवताना सासूबाईंनीच विषय काढला. “कोपऱ्यावरचा तुमचा सिग्नल बिघडलाय.”

“बिघडला असता तर आमच्याकडे कळलं असतं,” ताई म्हणाली. “कंप्युटर आहे तो, आई. तो कुणाचं बरं-वाईट बघत नाही.”

“वाचनालयात जाताना रोज ताटकळायला होतं मला.”

“पण वाचनालय तर आपल्याच बाजूला आहे ना? मग रस्ता कशाला ओलांडायचा?”

नवऱ्यानं ताटातून मान वर केली. सासूबाईंनी पाण्याचा पेला उचलला, सावकाश प्यायल्या, खाली ठेवला. “पलीकडच्या फुटपाथला सावली असते,” त्या म्हणाल्या.

ताईला वाटलं, जिंकले. पण त्या रात्री सासूबाईंनी कपाटातून एक कोरी वही काढली, पट्टीनं रकाने आखले आणि सेकंदकाटा असलेलं त्यांचं जुनं घड्याळ किल्ली देऊन ठेवलं. हे ताईला पुढे कळलं, तेव्हा उशीर झाला होता.

चार आठवडे गेले. एका गुरुवारी सकाळी अकराला खोलीचं दार वाजलं. शिपायानं सांगितलं, एक आजी आल्या आहेत, लेखी तक्रार आहे, आणि ‘साहेबांना म्हणावं उभं राहायची गरज नाही’ असा निरोप आहे.

साहेब म्हणजे या खोलीचा इंजिनिअर. निरोप ऐकताच तो ताडकन उभा राहिला. सातवीत असताना लघुत्तम साधारण विभाज्य चुकला म्हणून याच बाईंनी त्याला आठवडाभर फळ्याजवळ उभं केलं होतं. आता त्याच्या हाताखाली चौदा माणसं होती, पण बाई आत आल्या आणि त्यानं नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं.

सासूबाई त्याच्या समोर बसल्या. सून पाच फुटांवर होती. तिच्याकडे त्यांनी अशी नजर टाकली जशी पंख्याकडे टाकतात.

“सतरा नंबरच्या चौकाबद्दल आहे,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी आलेख कागदाची घडी टेबलावर उलगडली. “अठ्ठावीस दिवसांची मोजणी आहे. वेळ रोजची चार वाजून दहा मिनिटं. जाताना बटण दाबल्यापासून हिरवा मिळेपर्यंत सरासरी एकशे चव्वेचाळीस सेकंद. येताना आठ. तोच चौक, तोच रस्ता, तेच बटण. आता मला सांग, एकाच रस्त्याच्या दोन बाजू इतक्या वेगळ्या कशा?”

“गाड्यांच्या संख्येवर असतं ते, बाई,” साहेब म्हणाला. “कॅमेरा मोजतो आणि—”

“गाड्याही मोजल्यात. तिसरा रकाना बघ. काही संबंध नाही.” त्यांनी पेन्सिलचं टोक कागदावर ठेवलं. “आता हे चार ठिपके बघ. हे बाकीच्यांच्या रांगेत बसत नाहीत, म्हणून सरासरीत धरलेले नाहीत. जाताना पन्नास, येताना सत्तेचाळीस. हे चार दिवस सिग्नल शहाण्यासारखा वागलाय. वार कोणता आहे?”

साहेबानं तारखा पाहिल्या. “बुधवार. चारही बुधवार.”

“हं. कंप्युटरला साप्ताहिक सुट्टी असते का रे?”

“नाही बाई.”

“मग माणसाला असेल. मी कुणाचं नाव घेत नाही. मी फक्त सरासरी सांगते.”

कामाच्या पाळ्यांचा तक्ता साहेबाच्या मागच्या भिंतीवरच होता. तो वळून बघायला लागला तशी ताईच्या कानांच्या पाळ्या तापल्या. खोलीत बुधवारी सुट्टी असणारं एकच माणूस होतं. साहेबानं कंप्युटरवर सतरा नंबरची त्याच अठ्ठावीस दिवसांची नोंद उघडली. चोवीस दिवस, रोज दोनदा, अठ्ठेचाळीस वेळा चौक हातात घेतलेला, आणि अठ्ठेचाळीस वेळा कारण एकच, इतर.

त्यानं पिवळ्यांना विचारलं, “तुमच्या लक्षात काही आलं होतं का?”

“आलं होतं म्हणता येईल,” पिवळे म्हणाले, “आणि तसं म्हटलं तर नाही.”

ताई उठून उभी राहिली. “मी केलं, साहेब. त्यांना विचारू नका.”

“का केलंत?”

आता खरी मजा होती. खरं कारण सांगायचं तर बेकरी आली, क्रीमरोल आला, गणिताच्या बाईंचा शब्द आला, आणि ते सगळं त्यांच्याच विद्यार्थ्यासमोर. ताईनं सासूकडे पाहिलं. सासूबाई आलेख कागदाच्या कडा अगदी बारकाईनं सरळ करत होत्या. पण त्यांची छत्री खुर्चीवरून घसरली तरी ती उचलायला त्या वाकल्या नाहीत, एवढ्या त्या ताठ बसल्या होत्या.

“घरगुती कारण आहे,” ताई म्हणाली.

साहेबाला दोघींचं नातं माहीत नव्हतं. तो भाबडेपणानं बाईंकडे वळला. “बाई, तुम्ही रोज चार वाजता पलीकडे कुठे जाता?”

“ते या तक्रारीच्या कक्षेत येत नाही,” सासूबाई म्हणाल्या.

पिवळे खोकले. ताईला हसू फुटणार होतं. सासूबाईंच्या ओठांचा कोपराही हलल्यासारखा वाटला. तिथेच सगळं निभावलं असतं. पण सासूबाईंनी कागद उलटा केला. मागच्या बाजूला आणखी एक तक्ता होता.

“हा बघ,” त्या म्हणाल्या, आणि या वेळी त्या सरळ सुनेशी बोलत होत्या. “त्या फुटपाथवर मी एकटी नव्हते. रोज सरासरी अकरा माणसं माझ्याबरोबर थांबली. प्रत्येकाचे जास्तीचे चौऱ्याण्णव सेकंद फुकट गेले. चोवीस दिवसांचे झाले सहा तास त्रेपन्न मिनिटं. त्यात कुबड्या घेतलेला एक गृहस्थ होता. तो रोज खांबाला टेकायचा आणि रोज मला विचारायचा, बाई, आज तरी लवकर मिळेल का. एक मुलगी होती, कडेवर तापलेलं मूल घेऊन दवाखान्यात निघालेली. ती शेवटी लाल असतानाच पळाली. एक गाडी तिच्यापासून एवढ्यावर थांबली.” त्यांनी दोन्ही हातांनी अंतर दाखवलं. ते टेबलाएवढंही नव्हतं. “माझं सोड. मला वेळच वेळ आहे.”

ताईला ती मुलगी आठवेना. तिनं आठवायचा प्रयत्न केला, त्या दिवशीचं चित्र डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला, आणि तिला फक्त छत्री दिसली. पडद्यावर दीड महिना ती एकाच माणसाला बघत होती. बाकीचे तिच्या डोळ्यांसमोर असूनही तिला दिसले नव्हते. या खोलीत तिला बसवलं होतं ते नेमकं त्या बाकीच्यांसाठी.

“चुकलंच माझं,” ती म्हणाली. तिचा आवाज एरवीसारखा तिखट नव्हता.

साहेबानं तिच्याकडून लेखी खुलासा घेतला, महिनाभर चौक हातात घ्यायला बंदी केली आणि दोन आठवडे तिला सतरा नंबरवरच उभं केलं. काम एकच, रस्ता ओलांडणारी माणसं मोजायची, आणि मध्येच लाल झाल्यामुळे किती अडकली ते लिहायचं. “तुमच्या सासूबाई आहेत हे आधी सांगायचं होतं,” तो नंतर कुजबुजला. “मी चहा तरी मागवला असता.”

त्या संध्याकाळी घरी तह झाला. स्वयंपाकघरात ताई भाजी चिरत होती, सासूबाई ओट्याला टेकून उभ्या.

“तू सांगितलं नाहीस त्याला,” सासूबाई म्हणाल्या.

“तुम्हीही माझं नाव घेतलं नाहीत.”

“नाव घ्यायची गरजच नव्हती. आकडे पुरे होते.” त्या म्हणाल्या, “मला दुसऱ्या आठवड्यातच कळलं होतं तू आहेस ते. बुधवारी एवढ्यात हिरवा मिळाला आणि वळून पाहिलं तर तू गच्चीवर कपडे वाळत घालत होतीस.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“चार बुधवार हवे होते. एका बुधवारावरून निष्कर्ष काढत नाहीत.”

“आणि साखर?”

सासूबाईंनी भाजीच्या ताटातला गाजराचा तुकडा उचलून तोंडात टाकला. “तुझे सासरे गेले त्या वर्षापासून घरात चार वाजता कुणी नसतं,” त्या म्हणाल्या. “बेकरीत माणसं असतात. नुसतं उभं राहता येत नाही ना, काहीतरी घ्यावं लागतं.”

ताईची सुरी थांबली. नवरा दारात उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, “बेकरीत बिनसाखरेचे टोस्ट मिळतात.”

“तुला कसं माहीत?” दोघींनी एकदम विचारलं.

तो आत निघून गेला. त्याचं दुकान बेकरीपासून सहावं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ताई चौकात उभी राहिली. हातात माणसं मोजायचं यंत्र, अंगठ्यानं दाबलं की एक आकडा पुढे. वरून ठिपक्यांसारखी दिसणारी माणसं खालून भलतीच वेगवेगळी होती. कुबड्यावाल्या गृहस्थांशी तिची ओळख झाली. ते दप्तरांची शिलाई करत आणि फार बोलत. पहिल्या दिवशीच तिनं त्यांना सांगून टाकलं की सिग्नल मीच अडवत होते. त्यांनी कुबडी काखेत नीट बसवली. मग म्हणाले, “मला वाटलं माझंच नशीब.” आणि पुढचे दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले.

चौथ्या दिवसापासून चार वाजता सासूबाई टोस्ट आणि घड्याळ घेऊन शेजारी येऊन उभ्या राहायला लागल्या. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी रस्ता पावलांनी मोजला, म्हाताऱ्या माणसांच्या चालीची वेळ घेतली. दोन आठवड्यांच्या मोजणीतून एक गोष्ट निघाली, ती सासू-सून दोघींच्याही भांडणापेक्षा मोठी होती. साठीच्या पुढच्या दर तीन माणसांतला एक जण रस्त्याच्या मध्यावर असतानाच सिग्नल लाल होत होता. हिरवा सोळा सेकंद टिकायचा. त्यांना चोवीस लागायचे. कॅमेरे गाड्या मोजायला शिकवलेले. म्हातारी माणसं किती हळू चालतात हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

साहेबानं सतराचा वेळ चोवीस केला, मग दवाखान्याजवळच्या आणखी सहा चौकांचा. गाडीवाल्यांनी कुरकुर केली. एकानं फोन करून ताईला सुनावलं की आठ सेकंदांत त्याचं आयुष्य चाललंय. तिनं त्याला वय विचारलं आणि म्हणाली, “तीस वर्षांनी पुन्हा फोन करा, तेव्हा याच आठ सेकंदांबद्दल बोलू.”

महापालिकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक लेखी तक्रारीला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि ज्याच्या हातून चूक झाली त्यानंच मसुदा लिहायचा असतो. ताईनं तीन मसुदे फाडले. चौथा सरकारी भाषेत जमला: ‘महोदया, आपल्या अर्जान्वये तपासणी केली असता सरासरी प्रतीक्षा कालावधीत तफावत आढळून आली असून सदर बाबीचे निवारण करण्यात आले आहे.’ साहेबानं सही केली. पत्र टपालानं गेलं, ताईच्याच पत्त्यावर, आणि पोस्टमननं ते ताईच्याच हातात दिलं. तिनं ते सासूबाईंसमोर ठेवलं.

सासूबाईंनी चष्मा लावला, लाल पेन घेतलं आणि पत्र दोनदा वाचलं. ‘तफावत आढळून आली’च्या पुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं आणि समासात लिहिलं, ‘कोणामुळे?’ ‘निवारण’च्या पुढे लिहिलं, ‘रीत दाखवा.’ खाली दहापैकी सहा गुण दिले, सही केली आणि पत्र परत पाठवलं.

साहेबानं ते फायलीला लावलं. तक्रारदाराचं समाधान झालं का, या रकान्यात काय लिहावं ते त्याला कळेना, म्हणून त्यानं पिवळ्यांना विचारलं.